मामाजींची प्रेस

आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. मामाजींची प्रेस मी मोडली. यंत्रात दोष नव्हता, विजेचा दाब कमीजास्त झाला नव्हता, मोलकरणीचा हात लागला नव्हता. मी मोडली, पुसून जागच्या जागी ठेवली, वर नॅपकिन झाकला आणि सव्वा महिना गप्प बसलो. आणि ज्या माणसाची ती प्रेस होती, त्याच्याइतक्या अदबीने यंत्राशी वागणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल. देवांना मामाजी एखादे दिवशी घाईत आंघोळ घालतील, पण प्रेससमोर घाई नाही.

मामाजी म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. वय बहात्तर. मामी गेल्यापासून नागपूरच्या बेसा भागातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एकटे राहतात. आमचं घर दोन गल्ल्या सोडून. कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पत्रा दाबायची खोलीएवढी मोठी प्रेस होती, तिच्यावर त्यांनी तीस वर्षं काढली. मुलगी मंजू पुण्याला असते. म्हाताऱ्याने एकट्यापुरतं का होईना, गरम खावं म्हणून तिने ओट्याच्या कोपऱ्यात मावेल अशी पॅनिनी प्रेस पाठवली. दोन काळे खाचेदार तवे, मध्ये ब्रेड ठेवायचा, वरचं झाकण खाली आणायचं, दोन्ही बाजू एकदम भाजून निघतात. एवढंच ते. पण खोका उघडला त्या दिवसापासून मामाजी पुन्हा कामावर रुजू झाले.

ओट्यावर प्रेसभोवती त्यांनी पिवळी चिकटपट्टी लावली. झाकण खाली येताना त्या पट्टीच्या आत कोणाचं बोट दिसता कामा नये. झाकण आणण्यापूर्वी ते खणखणीत आवाजात "हात मागे!" म्हणत, स्वयंपाकघरात ते एकटे असले तरी. ही अतिशयोक्ती नाही, मी जिन्यातून स्वतः ऐकलं आहे. यंत्रावर हिरवा दिवा लागला की सँडविच झालं असं कंपनीचं पुस्तक सांगतं. मामाजींचा त्या दिव्यावर काडीचा विश्वास नव्हता. "दिवा खोटं बोलते जी, वाफ खोटं बोलत नाही," असं म्हणून ते कान लावून बसत आणि वाफेचा आवाज बारीक झाला की मगच झाकण उचलत. गुरुवारी प्रेस बंद. कारखान्याची सुट्टी गुरुवारी असे, म्हणून हिलाही. माझ्या बायकोचा वाढदिवस नेमका गुरुवारी आला. तिने लाडात येऊन म्हटलं, "मामा, आज तरी एक करून द्या नं." मामाजी गंभीरपणे म्हणाले, "स्टाफ सुट्टीवर आहे वं बाई. उद्या ये." ती दुसऱ्या दिवशी गेली आणि एक सोडून तीन खाऊन आली.

त्या प्रेसमध्ये त्यांनी काय काय दाबलं याची यादी करणं अवघड आहे. शिळी पोळी आणि झुणका, पाटोडी, वांग्याचे काप, कालच्या भाकरीत आजचं वरण आटवून. एकदा त्यांच्या पिशवीत दुधाची थैली फुटली आणि आत ठेवलेली लग्नपत्रिका चिंब भिजली. मामाजींनी ती दोन कागदांत घालून मंद आचेवर वाळवली. पत्रिका कोरडी झाली, पण गणपतीच्या पोटावर सहा आडव्या रेघा उमटल्या. लग्नात ती पत्रिका त्यांनी स्वतः वधूपित्याला अभिमानाने दाखवली. तो बिचारा आपल्या छापखान्यालाच दोष देत राहिला.

पण दाबायचं म्हणजे हाताने दाबायचं नाही, हा त्यांचा मुख्य नियम. झाकणाला मागे एक सरकती बिजागरी असते, ब्रेड जाड असेल तशी ती वर उचलली जाते. झाकणाचं वजन पुरेसं आहे, माणसाने आपलं वजन त्यात मिसळू नये. दुसरा नियम कारखान्यातला: प्रेस ज्याच्या नावावर, दोषही त्याच्याच नावावर. तीस वर्षांत त्यांनी मशीन बिघडल्यावर कधी मागच्या पाळीवाल्याकडे बोट दाखवलं नाही. या दुसऱ्या नियमाने माझा घात केला. की मला वाचवलं म्हणू?

मे महिन्यात मामाजी आठ दिवस कन्हानला बहिणीकडे गेले. जाताना किल्ली माझ्याकडे दिली. "जावईबापू, झाडांले पाणी तेवढं टाकत जा." झाडांना पाणी टाकलं. चौथ्या दिवशी घरून सोबत आणलेल्या सांबारवड्या हातात होत्या, ओट्यावर प्रेस होती, आणि पिवळ्या पट्टीच्या आत हात घालायला मला कोणी अडवत नव्हतं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. ती ठासून भरलेली वडी चांगली मनगटाएवढी जाड होते. मी दोन वड्या ब्रेडमध्ये घातल्या, वर चीज. झाकण बसेना. मी दोन्ही हातांनी दाबलं. कडकन आवाज आला आणि झाकण एका बाजूला लुळं पडलं. चीज तव्यावर जळून चिकटलं होतं, ते मी तारेच्या घासणीने खरवडलं, तसं तव्याचं काळं आवरणही निघून आलं. एका शाळेत वीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवणारा माणूस मी. सगळं पुसलं, झाकण टेकवून ठेवलं, कुलूप लावलं.

मामाजी परतल्यावर रविवारी आम्ही नेहमीसारखे नाश्त्याला गेलो. त्यांनी "हात मागे!" म्हटलं, मूठ धरली, आणि झाकण तिरपं होऊन त्यांच्या हातात आलं. बराच वेळ ते तव्यावरच्या ओरखड्यांकडे पाहत होते.

"काहून जी मामा, काय झालं?" बायकोने विचारलं.

"मीच केलं असन," ते म्हणाले.

"तुम्ही तर कन्हानला होते!"

"जायच्या आधी केलं असन वं. मले आठवून नाही राहिलं."

मी चटणी वाढून घेत होतो. चटणी मी दोनदा वाढून घेतली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्याकडे गॅसवर दूध राहून भांडं जळालं होतं. ती गोष्ट गंमत म्हणून मंजूला मीच फोनवर सांगितली होती, आणि तेव्हापासून ती त्यांच्या मागे लागली होती की, बाबा, आता एकटे राहू नका, फ्लॅट भाड्याने द्या आणि पुण्याला या. मामाजी ऐकत नव्हते. प्रेस मोडली आणि त्यांनी ऐकलं. डबा लावला. गॅसच्या बटणाशी 'बंद केला का?' अशी चिठ्ठी चिकटवली. दाराशी दुसरी, किल्लीसाठी. एका रविवारी आम्हाला दार उघडून ते म्हणाले, "जावईबापू, आज रविवारच आहे नं?" आम्ही रविवारखेरीज कधी जात नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आता ते आपल्याला ठाऊक असलेल्या गोष्टीही लोकांना विचारून घेऊ लागले होते. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

शेवटी एका बुधवारी शाळा सुटल्यावर मी एकटाच गेलो. मामाजी फरशीवर बसून पुण्याला न्यायचे स्टीलचे डबे जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "मामाजी, प्रेस मी मोडली."

त्यांनी मान वर केली नाही. "राहू द्या जी. म्हाताऱ्याचं मन राखून राहिले तुम्ही."

माझी कबुली त्यांना खरी वाटेना! याची मी तयारीच केली नव्हती. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. सांबारवडी, चीज, आवाज, घासणी. हळूहळू त्यांचे हात थांबले. मग एका जुन्या ऑपरेटरची उलटतपासणी सुरू झाली.

"किती जाड होतं?"

मी बोटांनी दाखवलं.

"एवढं? दोन्ही हातांनं दाबलं?"

"हो."

"टाचा उचलून?"

"हो, मामाजी."

ते उठले, बांधलेल्या खोक्यातून प्रेस काढली, चष्मा लावून बिजागरीची पिन पाहिली. "समोरून मुडली आहे. तरीच! एवढा जोर माझ्यात कुठं राहिला आता." मग ते खुर्चीवर बसले, प्रेस मांडीवर तशीच. मी शिव्यांची वाट पाहत होतो. ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "म्हणजे मले आठवत नव्हतं, कारण मी ते केलंच नव्हतं."

"हो, मामाजी."

"सव्वा महिना मी रोज आठवून राहिलो, गा."

इतक्या वर्षांत 'जी' सोडून त्यांनी मला घरच्या पोरासारखं 'गा' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. मग त्यांनी माझ्या फोनकडे बोट दाखवलं. "मंजूले फोन लावा. आवाज मोठा ठेवा, मले ऐकू आला पाहिजे."

मंजूने फोन उचलला, "बोला भाऊजी." मामाजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मी म्हटलं, "मंजू, प्रेस बाबांनी नाही मोडली. मी मोडली, आणि ते स्वतःला दोष देत होते तेव्हा समोर बसून गप्प राहिलो. त्यांचं डोकं अगदी ठिकाणावर आहे. चूक माझी आहे. तुझी माफी मागतो, आणि त्यांची, त्यांच्यासमोर."

पलीकडे मंजूने नाक ओढलं, ते स्वच्छ ऐकू आलं.

"जरा जोरानं सांगा," खिडकीकडूनच मामाजी म्हणाले. "तिले ऐकू गेलं नसन."

तिला ऐकू गेलं होतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मी पुन्हा, पहिल्यापासून, मोठ्याने सांगितलं.