थोरलीचं भरतकामाचं मशीन

त्या घरात दोन जावा. थोरली तळमजल्यावर राहायची, पंचवीस वर्षं लोकांचे कपडे शिवत आलेली. धाकटी वरच्या मजल्यावर. तिला शिवणकाम थोरलीनंच शिकवलं. पण धाकटीनं इंटरनेटवरच्या लिलावात एक जुनं भरतकामाचं मशीन घेतलं आणि थोरलीची गिऱ्हाइकं जिना चढू लागली. वर मशीन सुरू झालं की थोरलीचा टाका वाकडा जायचा. "जरा हळू चालव गं, डोकं उठतं माझं," ती खालून ओरडायची. डोकंबिकं काही उठत नव्हतं. पोटात दुखत होतं.

शेवटी तिनंही त्याच साइटवर खातं उघडलं. धाकटीच्यापेक्षा मोठं मशीन दिसलं. शेवटच्या पाच मिनिटांत कुणीतरी सारखं बोली वाढवत होतं. थोरलीही हट्टाला पेटली. मनाशी ठरवलेल्या आकड्याच्या बरीच वर गेली, पण मशीन मिळवलं.

खोकं आलं. मशीन जाहिरातीतल्याच रंगाचं, त्याच बनावटीचं, पण मोटर गंजून घट्ट बसलेली. थोरलीनं चष्मा लावून जाहिरातीतला फोटो मोठा करून पाहिला. फोटोतल्या मशीनच्या पाठीवर कारखान्याचा एक नंबर, ह्याच्यावर दुसराच.

"वाटेत बिघडलं असेल," विक्रेत्यानं कळवलं. तिनं साइटकडे तक्रार केली तसा तो नरमला. थेट फोनच केला. "मॅडम, तक्रार तेवढी मागे घ्या. संध्याकाळपर्यंत पैसे परत करतो."

धाकटीच्या कानावर जायच्या आत थोरलीला हे मिटवायचं होतं. ती बटण दाबणार, तोच धाकटी दारात. फोनवरचं बोलणं जिन्यात ऐकू गेलं होतं.

"ताई, तक्रार मागे घेऊ नका."

"तुला काय करायचंय?"

"एकदा मागे घेतली की पुन्हा करता येत नाही. माझं पहिलं मशीन असंच निघालं. मी विकणाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलले, तक्रार मागे घेतली, पैसे गेले. आत्ता आहे ते दुसरं."

"मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही हसला असता."

थोरलीनं बटणावरचं बोट मागे घेतलं. ती खरंच हसली असती.

मग दोघींनी मिळून दोन्ही नंबरांचे फोटो साइटला पाठवले. विक्रेत्याचे फोन घेणं बंद केलं. काय ते साइटवरच लिही म्हणून कळवलं. आठवडाभर तो वेगवेगळी कारणं सांगत राहिला. नंबरांबद्दल मात्र त्याला काही सांगता येईना. निकाल थोरलीच्या बाजूनं लागला, पैसे परत आले.

दुसऱ्या दिवशी धाकटी जिन्यात उभी राहून नणंदेला फोनवर सांगत होती, "नंबर ताईंनी पकडला. मला सात जन्मांत सुचलं नसतं."

ते ऐकून थोरलीला बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटावं असं बोलायचं तेही हिनंच, याचा पुन्हा जळफळाट झाला.