भिंतीवरची पाठमोरी बाई

मध्यभारत मोडून मध्यप्रदेश झाला त्या सुमारास देवास गेटजवळ माझा फोटो स्टुडिओ होता. तो मी एकट्याने उभा केला होता, आणि हे समोरच्याला ऐकवल्याशिवाय मला राहवत नसे. भाव पाडण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. राग तर नाकाच्या शेंड्यावर.

मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या. शिंद्यांच्या काळात कुणा कारभाऱ्याच्या घरातल्या विधवेने एका राममंदिराची कोठीची खोली आतून रंगवली होती. तिचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. पुजारी नुसतं 'काकूंची चित्रं' म्हणायचे. त्या चित्रांत, खाली कोपऱ्यात, विधवेच्या लाल आलवणातली एक बाई भिंत रंगवत होती. पाठमोरी.

"ही तीच. स्वतःला काढलं, पण पाठ करून," बाई म्हणाल्या. "मला माझ्या चित्रात तिला आपल्याकडे वळवायचंय. माझ्या सगळ्या खटपटीचे फोटो तुम्ही काढायचे."

घासाघीस करून मी काम घेतलं. भिंतींचे फोटो काढले, रंगाच्या वाट्यांचे, टाकून दिलेल्या कच्च्या चित्रांचे. बाईंनी शेजारणींचे चेहरे काढून पाहिले, आरशात बघून स्वतःचाही. एकही पसंत पडेना. "कुणी कधी नीट बघितलाच नाही असा चेहरा हवाय," म्हणायच्या. मी मनात म्हणे, नखरे!

फोटो घरी ठेवलेले असत; ते निवडायला त्या माधव नगरला आमच्या घरी येत. मी दुकानात असे. घरी आई एकटी. ती जुन्या वळणाची, केशवपन केलेली विधवा. कुणी आलं की मागच्या खोलीत जाऊन बसणारी. या दोघींचं काही बोलणं होत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मग चित्रांचं प्रदर्शन लागलं. मुख्य चित्राचा फोटो काढायला मी कॅमेरा मांडला आणि काळ्या कापडाखाली डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं. आधी कुंचला दिसला, मग हात, मग चेहरा. आई! डोक्यावर पदर नाही. वाढलेले पांढरे खुंट एकेक करून रंगवलेले.

मागून एका शेजाऱ्याचा आवाज आला, "अरे, ये तो अपने स्टुडिओवाले की माताजी हैं!"

"धीरे बोलो यार, कपड़े के अंदर वही है."

कुणीतरी हसलं. माझे कान तापले. फोकस कधीच जुळवून झाला होता, तरी मला कापडाबाहेर येववेना.

लोक पांगल्यावर मी बाईंना गाठलं. "पदर रंगवा डोक्यावर. नाहीतर एकही निगेटिव्ह मिळणार नाही."

"आईंना विचारून या. त्या म्हणाल्या तर आत्ता रंगवते."

मी तणतणत घर गाठलं. आई तांदूळ निवडत होती.

"चारचौघांत माझी अब्रू घालवलीस!"

"तुझी?" तिने वरही बघितलं नाही. "डोकं माझं आहे."

"मला विचारायचं तरी!"

"न्हाव्याचा भाव ठरवताना तू मला विचारलं होतंस?"

न्हावी दर पंधरवड्याला मागल्या दाराने यायचा. वर्षाचं एकदम ठरवून मी त्याचा भाव पाडला होता, आणि जेवताना ते तिलाच फुशारकीने सांगितलंही होतं. तो यायच्या वेळी मात्र मी कधी घरी थांबलो नव्हतो.

"बाईंनी बघू का म्हणून विचारलं," आई म्हणाली. "मी पदर काढला. एवढंच."

निगेटिव्ह मी मुकाट्याने देऊन आलो. मला आधी सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं अजूनही आहे. पण ते आईसमोर मी पुन्हा काढलं नाही.

पुढच्या खेपेला न्हावी आला तेव्हा दार मी उघडलं.

"आज सेठ घर पे? तबियत तो ठीक है?"

"आता नको येऊस," मी म्हणालो.

"येऊ दे रे त्याला," आतून आई म्हणाली. "बंद करायचं तर मी सांगेन, तू नको ठरवूस. तू इथं बस."

तिने पदर खाली घेतला. मी समोर बसलो. दोनदा माझी नजर खाली गेली. दोन्ही वेळा आईने न्हाव्याला थांबवलं, आणि मी वर बघेपर्यंत वाट पाहिली.