खुणा पुसताना काकूंची चूलही गेली

मंडळी, आत्ताच जालन्यात पोचले. हे आजच सांगायला हवं.

मी आणि मावसबहीण काल अंधार पडताना पिंपळगाव रेणुकाईजवळ एका शेतातल्या आंब्याखाली तंबू टाकून राहिलो. आईची अट एकच होती: कुणाच्या नजरेस पडलात, तर पुढच्या सहली बंद.

मी जमिनीच्या सर्व्हेचं काम करते, रोज दुसऱ्यांच्या शेतात वावरते. जागा मिळाली तशी सोडायची, हे मला शिकवावं लागत नाही. उजाडताच तंबू आवरला, दबलेलं गवत उभं केलं. शेजारी तीन काळे दगड आणि राख होती. आधीच्या कुणाचा तरी पसारा समजून राख पुरली, दगड नाल्यात टाकले.

तेवढ्यात माणसांचा आवाज आला. आम्ही बांधाआड लपलो. एक काकू नवऱ्यासोबत किटली घेऊन आल्या आणि थबकल्या.

"अगं बया, माझी चूल कुठं गेली? धाकट्या जावेचंच काम हे! आज तिला बघतेच!"

आता गप्प बसणं शक्य नव्हतं. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं.

काकू पोट धरून हसल्या. "रातभर इथं झोपल्या अन् आम्हाला पत्ता न्हाई!"

"काकू, आम्ही दिसलो हे कुणाला सांगू नका, फिरून घरी कळेल."

"आधी माझी चूल मांड, मंग बघू. अन् चहा पिल्याबिगर जायचं न्हाई."

दगड नाल्यातून परत आणले. इतका गोड, धुरकट चहा मी आजवर प्यायले नव्हते.

स्वतःच्या खुणा पुसताना तुम्ही कधी दुसऱ्याची चूल उचललीत का? मोकळेपणाने लिहा. आई या ग्रुपमध्ये नाही.