गंजलेला वस्तरा

धार लावणाऱ्या काकूंकडे एक म्हातारा न्हावी आला. वडिलांचा वस्तरा चाळीस वर्षं पेटीत पडून गंजला होता. "आता भंगारच हे," तो म्हणाला. काकूंना चेवच चढला. "ठेवून जा!"

त्यांनी पातं दोन दिवस रॉकेलमध्ये बुडवलं, मग बारीक पॉलिश पेपरने घासायला घेतलं. गंज हलेना, काकूही हटेनात. पाचव्या दिवशी पातं लखलखलं! धार लावून त्यांनी फोन केला, "आत्ताच्या आत्ता या!"

न्हावी धापा टाकत आला. वस्तरा बघताच त्याने काकूंच्या नवऱ्याला खुर्चीत बसवून तोंडाला फेस फासला.

"अहो, कालच दाढी केलीय मी!"

"हलू नका," काकू ओरडल्या.

वस्तरा गालावरून सर्रकन फिरला. एकही ओरखडा नाही!

"आता दुसरा गाल," न्हावी आनंदाने म्हणाला.