आत्याची मराठी

ऑफिसात नाशिकहून आलेली एक मुलगी माझ्या शेजारी बसायची. तिच्यामुळे मी मराठी मंडळात जाऊ लागले. तोवर मराठी माझ्यासाठी फक्त घरात बोलायची भाषा होती. आम्ही देवराज मोहल्ल्यात राहतो; खाली वडिलांचं शिवणकामाचं दुकान, वर घर. आमची माणसं म्हैसूरला कधी आली, कुठून आली, हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. शाळा कन्नडमध्ये झाली, ऑफिस इंग्रजीत चालतं, आणि जेवताना मराठी, तीही निम्मी कन्नड मिसळलेली.

मंडळातली तरुण मुलं रविवारी एकाच्या गच्चीवर जमायची. बहुतेक सगळी नोकरीसाठी आलेली. आपलं गाव कुठलं म्हणायचं, आईवडिलांचं काय ठेवायचं नि काय सोडायचं, इथे राहून आपण बदललो का, अशा गप्पा चालत. मला त्या ऐकायला फार आवडायचं. ते प्रश्न माझेही होते, पण मांडायला शब्द नव्हते. एकदा धीर करून मी म्हणाले, "मी तर कुठली, ते विचारायचंच विसरून सोडले."

सगळे हसले. आमच्याकडे एखादी गोष्ट पुरती होऊन गेली की कन्नडच्या वळणाने असंच म्हणतात. दूध सांडून सोडलं. बस निघून सोडली. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. कुणीतरी म्हणालं, "परत म्हण ना," आणि मी परत म्हटलं. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच मला घरी सोडायला तिघेजण आले.

हसवलं की आपल्याला जवळ घेतात, हे मला कळलं. मग मी हसवतच राहिले. माझं स्वतःचं बोलणं पुरेना, तेव्हा आत्याचं बोलणं उचललं.

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. बेट्टदपुरच्या कन्नड शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिचे यजमान पिरियापट्टणच्या बाजूला तंबाखूच्या व्यापारात होते. ते गेल्यापासून ती एकटीच राहते आणि मधूनमधून आमच्याकडे येते. आली की माझ्या पाठी लागते, "अगं, सुम्ने बसू नको, स्वल्प भात घे, वाळून सोडलीस." सुम्ने म्हणजे उगाच, स्वल्प म्हणजे थोडा. मी मान तिरकी करून, पदर सावरत हे म्हटलं की गच्ची डोक्यावर घेत सगळे.

गणपतीच्या कार्यक्रमात छोटं नाटुकलं करायचं ठरलं. नाशिकची मैत्रीण बसवणार होती. ती म्हणाली, "तुझी म्हैसूरची आत्या घेऊ या. बाकी काहीच नको, त्या बोलतील तेच पुरे." संवाद मी लिहायचे होते. मग मी आत्याला रोज फोन करू लागले. ती काय म्हणते ते मी बाजूला टिपून घ्यायची. भाजी काय केली, शेजारची गाय कुठे गेली, पाऊस किती झाला, असं काहीही विचारून तिला बोलतं करायची. आत्या खूश होती. आईला म्हणाली, "पोरगी आता मोठी झाली. माझी आठवण काढते." आईने ते मला सांगितलं, तेव्हा मी मान खाली घालून चपात्या लाटत राहिले.

कार्यक्रमाला आई तिला घेऊन येईल, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. मी स्टेजवर गेले तेव्हा ती दुसऱ्या रांगेत बसलेली दिसली. थांबता आलं असतं का? मी स्वतःला तेव्हापासून विचारते आहे. मी थांबले नाही. उलट समोर हशा उठला तसा माझा आवाज चढला. "सोडलं" म्हटलं की लोक हसायचे, मग ते येणार हे ओळखून आधीच हसू लागले. आत्याही हसत होती. तोंडावर हात धरून, खांदे हलवत, मनापासून.

नाटुकलं संपल्यावर मैत्रिणीने माइक हातात घेतला आणि म्हणाली, "खऱ्या आत्याही आल्यात. काकू, दोन शब्द बोला ना." तिला खरंच कौतुक वाटत होतं. आत्या आढेवेढे न घेता उठली. आयुष्यभर वर्गासमोर उभी राहिलेली बाई, तिला माइकची भीती नव्हती.

ती म्हणाली, आमच्या गावात मराठीचं दुसरं घर नाही. लग्न करून गेले तेव्हा हे एकटेच बोलायला होते. लोक हसू लागले होते, कारण मध्ये मध्ये कन्नड येत होतं. आत्यालाही ते हसणं आपलेपणाचं वाटलं असावं. ती पुढे म्हणाली, "संध्याकाळी बाहेरून आले की हे मराठीतच हाक मारायचे. एक दिवस तंबाखूच्या भट्टीपाशी गेले, आणि तिथेच पडून सोडले."

सगळं सभागृह हसलं.

मी विंगेत उभी होते, अजून तिच्यासारखाच पदर खोचून. लोकांना मीच शिकवलं होतं कुठे हसायचं. आत्या थांबली. तिने इकडेतिकडे पाहिलं, आपलं काय चुकलं ते शोधावं तसं. मग तीही थोडी हसली, हात जोडले आणि जागेवर जाऊन बसली. मागे कुणाला तरी अर्थ लागला असावा, कारण टाळ्या मध्येच विरल्या.

रिक्षात ती म्हणाली, "चांगलं केलंस. आवाज स्पष्ट आहे तुझा." आई रस्त्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने मला कॉफी दिली आणि कन्नडमध्ये विचारलं, साखर हवी का. मला वाटलं, सहज आलं असेल तोंडात. पण दुपारीही कन्नडच. आईशी, वडिलांशी मराठी. मी आले की कन्नड, शुद्ध, शाळेतलं. रागाचं एक चिन्ह नाही. निघताना नेहमीसारखा डोक्यावरून हात फिरवला.

पंधरवड्याने मी बेट्टदपुरला गेले. ती अंगणात वाती वळत बसली होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "आत्या, माझं चुकलं. मी तुझं बोलणं चोरलं."

हातातली वात वळून तिने ताटलीत ठेवली आणि मराठीत म्हणाली, "चोरलं असतंस तर बरं होतं गं. ते आहे माझ्याकडेच. पण आता तोंड उघडायच्या आधी माझं मलाच ऐकू येतं. असं कधी होत नव्हतं."

"मी मंडळात जाणार नाही यापुढे."

"का? तुझी माणसं आहेत ती. जा की." आणि अगदी खरंच विचारावं तसं तिने विचारलं, "तिथे मी कसं म्हणायला हवं होतं? हे पडले, एवढंच?"

एवढंच म्हटलं असतं, तर कुणी हसलं नसतं. पण तिच्या तोंडून ते तसं ऐकायचं नव्हतं मला. ती आत गेली आणि जेवायला वाढलं. जेवताना आम्ही कन्नडच बोललो.

मंडळ मी सोडलं नाही. तीन रविवार गेले नाही, चौथ्या रविवारी गेले. मैत्रिणीला सगळं सांगितलं तेव्हा ती रडली. म्हणाली, "अगं, आम्हाला त्या किती आवडल्या होत्या." ते खोटं नव्हतं, आणि त्याने काही हलकं वाटलं नाही.

पुढे एकदा गच्चीवर "घरची भाषा" असा विषय निघाला. सगळ्यांनी मला बोलायला सांगितलं आणि मी आत्याची हकीकत सांगितली. या वेळी कुणी हसलं नाही. एकजण तर डोळे पुसत होता. माझं बोलून झाल्यावर मैत्रीण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "किती छान बोललीस. तुझी मराठी आता किती सुधारली आहे."

मला आनंद झाला. घरी चालत येताना मार्केटच्या कोपऱ्यापर्यंत तो टिकला. मग लक्षात आलं की आत्याच्या नवऱ्याच्या मरणाबद्दल मी तिला न विचारताच पुन्हा लोकांसमोर बोलले होते, आणि या वेळीही त्यांनी मला जवळ घेतलं होतं.

येत्या आठवड्यात आत्या येणार आहे. आईने सांगितलं, मुक्काम थोडाच असेल. गच्चीवर मी काय सांगितलं ते तिला सांगायचं का, आणि कुठल्या भाषेत, हे माझं अजून ठरत नाही.