इष्टलिंगापुढचा घास

रानातल्या खोपीला आडोसा नव्हता, म्हणून मला ते दिसलं. गावात, वालूरच्या घरात बायका मागून, आत चुलीपाशी जेवायच्या. कोण किती जेवलं, कुणाला कळत नसे. पण त्या हिवाळ्यात आमच्या किराणा दुकानात गुळाच्या ढेपांमागे उंदीर मरून पडले. दोन दिवसांत समोरच्या घरातली मुलगी तापानं गेली आणि गाव सामानसुमान घेऊन रानात राहायला आलं. आम्हीही कापसाच्या पळाट्या रचून खोप केली.

हैदराबादेतही प्लेग असल्यानं माझं कॉलेज बंद होतं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळं जो तो मलाच विचारायचा, काखेत गाठ आली तर काय करायचं? मी इंटरला होतो. मला काही माहीत नव्हतं, पण तसं म्हणायचा धीरही नव्हता. 'बघू' म्हणून मी बांधावर येरझाऱ्या घालायचो.

तसाच फिरताना एकदा पाहिलं. माझ्या पाठची बहीण भाकरीचा तुकडा मोडायची, कालवणात बुडवायची, तोंडापर्यंत न्यायची आणि पदराआडून वासरापुढं टाकायची. सोळा वर्षांची होती. बांगड्या मनगटावरून थेट कोपरापर्यंत घसरत. हे कधीपासून चाललं होतं, देव जाणे.

घरचे ती भक्ती समजत होते. आम्हा लिंगायतांत इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात घास घालत नाहीत. ती डाव्या तळहातावर लिंग घेऊन बसली की दुपार कलायची. मग म्हणायची, "आता भूकच मेली, माय." शेजारच्या खोपीतली काकू कौतुक करायची, "पोर न्हाई ही, जोगीण हाय!" आणि आमची माय काळजीनं, पण थोडी सुखावून हसायची.

सेलूहून सरकारी डॉक्टर प्लेगची लस टोचायला आले. ते उर्दूत बोलत, म्हणून मी दुभाषी झालो. खरं सांगतो, त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटत होता. बहिणीची पाळी आली. डॉक्टरांनी तिचा दंड हातात धरला आणि थांबले.

"इस में सुई कहाँ लगाऊँ? कुछ खाती नहीं क्या?"

माय म्हणाली, "सांग त्यास्नी, पोरीची लय भक्ती हाय."

"उपवास करती है, साहब," मी म्हणालो. वासराचं बोललो नाही. भोवती माणसं होती, आणि तिचं लग्न जमायच्या बेतात होतं.

डॉक्टर माझ्याकडं बघत राहिले. "कॉलेज में पढते हो ना? तो सच बोला करो."

त्या वाक्यानं मला दोन दिवस बसू दिलं नाही. काहीतरी करून दाखवायचं, असं मनानं घेतलं. आमच्यात आणखी एक नियम आहे. लिंगाला दाखवलेलं अन्न प्रसाद होतं. मग त्यातलं शितही टाकायचं नसतं. ताट धुऊन ते पाणीसुद्धा प्यायचं. बहिणीनं यातून वाट काढली होती. ती ताट लिंगाला दाखवतच नसे, म्हणजे वासराला टाकल्याचं पापही लागत नसे. हे माझ्या ध्यानात आलं आणि मला वाटलं, सापडलं औषध!

पलीकडच्या रानात आमचे गुरू, जंगमस्वामी उतरले होते. म्हातारे आणि भाबडे. मी त्यांना फक्त एवढंच म्हणालो, "स्वामी, तिला ताट लिंगाला दाखवायला सांगा." ते आले, तिच्यासमोर बसले, तसं म्हणाले. मायनं ताट भरलं. दोन भाकरी, पिठलं, जवसाची चटणी, वर वाटीभर दूध-गूळ. बहिणीनं माझ्याकडं पाहिलं. हे कुणाचं काम आहे, ते तिला कळलं होतं.

तिनं ताट दाखवलं. सगळं खाल्लं. तासभर लागला. ताट धुऊन पाणी प्यायली. मायच्या डोळ्यांना धार लागली आणि मी मनातल्या मनात डॉक्टरांना उत्तर दिलं.

तिन्हीसांजेच्या आधीच ती पोट धरून लोळायला लागली. ओकारी थांबेना. सकाळी पाय सुजलेले, छाती लोहाराच्या भात्यासारखी हलत होती. काकू लांबूनच ओरडली, "गाठ हाय का बघा की आधी!" आणि दुपारच्या आत काकूच्या घरच्यांनी आपली खोप उचलून ओढ्यापलीकडं नेली.

डॉक्टर पुढच्या गावच्या छावणीत होते. मी पळतच गेलो. या वेळी सगळं सांगितलं. वासरू, ताट, माझी हुशारी. ते रागावले नाहीत. बैलगाडीत बसल्यावर म्हणाले, "इतने दिन का भूखा पेट, और उस पर इतना बोझ? तुम्हें मालूम नहीं था, ठीक है. पूछ तो लेते."

गाठ कुठंच नव्हती. मग ते तिच्या उशाशी बसले आणि मला म्हणाले, तिला विचार, कशाची भीती वाटते? शब्दाला शब्द सांग.

मी तिला विचारलं. ती खोपीच्या छपराकडं बघत म्हणाली, "समोरची माझ्यासंग पाण्याला आली व्हती. दुसऱ्या दिशी न्हाई. कोण कवा जाईल, कायबी आपल्या हातात न्हाई. पोट रिकामं असलं की वाटतं, एवढं तरी माझ्या हातात हाय."

मी शब्दाला शब्द सांगितलं. मधे दोनदा थांबावं लागलं.

"औषध द्या म्हणावं," माय म्हणाली.

"इस की सुई मेरे पास नहीं," डॉक्टर म्हणाले. ज्वारीच्या कण्यांची पातळ पेज, दोन-दोन चमचे, दिवसातून सात-आठ वेळा. तिच्यावर नजर ठेवायची नाही, रागवायचं नाही आणि खाल्लं म्हणून कौतुकही करायचं नाही. मायला हे काही औषध वाटलं नाही. मलाही, खरं तर.

पहिल्या दिवशी तिनं वाटीला हात लावला नाही. मी ओढ्यापर्यंत जायचो, परत यायचो, पुन्हा जायचो. संध्याकाळी जंगमस्वामी स्वतःहून आले. खोपीच्या तोंडाशी जमिनीवरच बसले.

"बाई, माजं चुकलं," ते म्हणाले. "लिंगाला ढीग लागत न्हाई. किती दाखवायचं ते तू ठरव. जेवढं दाखवशील तेवढंच तुजं."

ती उठून बसली. वाटीत दोन चमचे पेज घेतली, एक चमचा परत काढून ठेवला. उरलेली तळहातावरच्या लिंगापुढं धरली आणि प्यायली. वाटी धुऊन पाणी प्यायली. बस्स, इतकंच. दुसऱ्या सकाळी पुन्हा एक. त्यानंतर दोन. एक दिवस पुन्हा एकच.

"भाऊ, मोजू नको की रे."

"कुठं मोजतोय?"

"तुजे व्हट हालायलेत."

त्या दिवसांत ती हसली असेल तर तेवढीच.

उन्हं तापली, साथ ओसरली, गाव घरी परतलं. मी कॉलेजला निघालो तेव्हा ती गाडीपर्यंत आली. अजून काडीच होती. म्हणाली, "पुन्यांदा आलास की माझ्या ताटाकडं बघायचं न्हाई. आन घे." मी आण घेतली.

हैदराबादेत मला ती आण जड गेली. घरी कुणाला दुकानाच्या वहीपलीकडं लिहिता येत नव्हतं. पत्र गावचे मास्तर लिहून द्यायचे. 'सर्व खुशाल' असं यायचं. मला हवं ते त्यात नसायचं. उत्तरात 'जेवते का?' असं मी प्रत्येक वेळी लिहायचो आणि खोडायचो.

दिवाळीत घरी गेलो. बायका मागून जेवायला बसल्या, तेव्हा मी ओसरीवर स्वयंपाकघराकडं पाठ करून पुस्तक उघडलं. आत बोलणं चाललं होतं, तिचा आवाज नव्हता. बराच वेळ काहीच नाही. मान वळवावी, असं कितीदा वाटलं. मग ताटात पाणी ओतल्याचा आवाज आला, ते बोटांनी फिरवल्याचा आणि घोट घेतल्याचा.

ताटात किती होतं, ते मला माहीत नाही. मी पान उलटलं.