पाटीवरची कर्दळ

मुंबईत एका कंपनीच्या स्टोअरमध्ये माझी सगळी नोकरी गेली. वस्तू आली की आधी तिला पाटी लावायची, मग ती फळीवर ठेवायची. पाटी नाही ती माझ्या लेखी वस्तूच नव्हे. निवृत्त होऊन नाते गावाजवळच्या आमच्या बंद घराचं कुलूप काढलं, तेव्हा ही खोड माझ्याबरोबर आत आली. बायको लेकीच्या बाळंतपणासाठी मुंबईतच थांबली होती, त्यामुळे मला आवरायला घरात कोणी नव्हतं.

वैशाखात पोलादपूरच्या डोंगरातून माझी मोठी बहीण आली. आक्काच्या पिशवीत दोन पुड्या होत्या. एकीत हळदीचे कंद, पातोळ्यांच्या पानांसाठी. दुसरीत कर्दळीचा गड्डा. ही आमच्या आईची लालभडक कर्दळ. न्हाणीच्या मागे सांडपाण्यावर ती बारा महिने फुलायची. घर बंद पडलं आणि ती गेली, पण आक्काने लग्नानंतर तिचा एक गड्डा सासरी नेऊन लावला होता.

"आई गेल्यापास्नं ह्या घरात माहेर वाटत नाय रे," आक्का म्हणाली. "नागपंचमीला येते. न्हाणीमागं ती फुललेली दिसली पायजे, बस."

आक्काने उभ्या जन्मात माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच कामाला लागलो, म्हणजे पाट्या रंगवायला बसलो. डब्यांची दोन झाकणं घेतली, एकावर 'कर्दळ' लिहिलं, एकावर 'हळद'. पुड्या सोडून कंद ओट्यावर मांडले, रंग वाळेपर्यंत चहा प्यायलो. परत आलो तर दोन्ही ढीग सारखेच मातकट आणि गाठाळ. पण मी स्टोअरकीपर! अंदाजाने ओळखले, लावले, पाट्या ठोकल्या आणि शंका मिटवून टाकली.

न्हाणीमागच्या कर्दळीला मी कुंपण केलं, शेण घातलं, सकाळ-संध्याकाळ तिची चौकशी केली. ती आपली गुडघ्याच्या वर यायला तयार नव्हती. उलट विहिरीजवळची हळद, जिच्याकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं, ती माझ्या खांद्याला लागली. श्रावणात शेजारच्या वहिनी हळदीची पानं मागायला आल्या. मी ऐटीत दोन पानं कापून दिली. त्यांनी पानाकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या भावजी, आमच्याकडं पन हायत," असं म्हणून त्या गेल्या. मला वाटलं, बाई संकोची आहे.

नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, जमीन खणायची नाही. म्हणून आदल्या दिवशीच कोयता घेऊन मी हळद बुडापासून साफ केली. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर बघून त्या पानांवर तांदळाच्या पिठाचे पातोळे थापले, आत गूळ-खोबरं भरलं आणि उकडायला ठेवले.

महाडला एसटी बदलून आक्का आली. पाय धुवायच्या आधी न्हाणीमागे गेली. मी म्हटलं, "फूल अजून नाही, पण तब्येत बघ." तिने कुंपणावरून वाकून पान चुरगळलं आणि नाकाला लावलं.

"ही कर्दळ?"

"पाटी बघ ना."

"मग पातोळे रे कशात उकडतोस?"

स्वयंपाकघरातून वाफ येत होती, तिला हळदीच्या पानांचा वासच नव्हता. 

"तुज्या त्या हळदीच्या शेंड्याला लाल टोक व्हतं का?" तिने हळूच विचारलं.

"होतं. कीड असेल म्हणून मोडून उकिरड्यात टाकलं."

आक्का न्हाणीच्या दगडावर मटकन बसली. तिचे डोळे भरले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. थोड्या वेळाने तिने पदराने डोळे पुसले.

"काल दिवसभर तुझ्यासाठी भावाचा उपास धरला. त्या कर्दळीसाठी धरला असता तर बरं झालं असतं."

मग तिला हसू फुटलं आणि ते थांबेना. आम्ही कर्दळीतले ते बेचव पातोळे तुपात बुडवून सगळे संपवले. संध्याकाळची एसटी तिने सोडली. पंचमीला माती उकरता येईना, म्हणून खास मुक्काम केला. सकाळी कुदळ घेऊन तिने विहिरीजवळ जमिनीत शाबूत राहिलेला गड्डा काढला, न्हाणीमागे लावला, हळदीला विहिरीवर पाठवलं आणि दोन्ही पाट्या उपटून माझ्या हातात दिल्या.

भाऊबीजेच्या आधी कर्दळ फुलली. फोटो काढला होता, पण पाठवला नाही. फोटोत बघून झालं की आक्का कशाला येईल, अशी मला भीती वाटली. फोनवर एवढंच म्हटलं, "ये."

ती आली आणि थेट मागे गेली. आईच्या जागी, आईचं ते लाल फूल. मग तिने एक पान हातात घेतलं, चुरगळलं, माझ्याकडे बघत नाकाला लावलं.

"हाय बाबा," ती म्हणाली. "आईचीच हाय."

आणि मी ओवाळून घ्यायला बसायच्या आधी तिने ओंजळभर पाणी कर्दळीच्या बुडाशी घातलं.